एक वर्ग, दोन बाई: नोकरी अर्धी-अर्धी वाटून घेतल्याची गोष्ट (आणि एक सल्ला हवाय)

खडूची_धूळ | रविवार, रात्री १०:४०

प्रगतिपुस्तकं काल लिहून संपली, म्हणून आज धागा काढायला वेळ मिळाला. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी मुंबईच्या मध्य उपनगरातल्या एका मराठी शाळेत तिसरीला शिकवते. राहायला डोंबिवली. आमचा प्राथमिक विभाग विनाअनुदानित. सोळा वर्षं पूर्णवेळ काढली. गेली दोन वर्षं मात्र तिसरी 'ब' आम्ही दोघी मिळून चालवतो. हजेरीपट एक, कपाट एक, मुलं ३८ आणि बाई दोन. सोमवार-मंगळवार मी, गुरुवार-शुक्रवार ती. बुधवारी मधल्या सुट्टीपर्यंत मी, सुट्टीनंतर ती. पगार निम्मा-निम्मा.

सुरुवात कशी झाली ते सांगते. २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा सरकारी आदेश आला. मुलांची झोप व्हावी म्हणून. हेतू चांगलाच होता, पण ज्या शाळेत एकाच इमारतीत दोन अधिवेशनं चालतात तिथे नऊ वाजता वर्ग रिकामा कुठून आणणार? आमचा प्राथमिक विभाग सकाळमधून उचलून दुपारमध्ये टाकला. साडेबारा ते पावणेसहा. पूर्वी मी दीड वाजता घरी असायचे. आता ऐन गर्दीच्या गाडीत, मिळाली तर चौथ्या सीटवर टेकून, घरी पोचायला पावणेआठ. त्याच सुमाराला सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं. मंगळ-गुरू-शनि, चार तास मशीनवर आणि पुढेमागे दीड तास. (मंगळवार नवऱ्याने घेतलाय. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे वीस प्रतिसाद वाचतील.)

आमच्याच शाळेतल्या दुसरीच्या बाईंचं बाळ तेव्हा दहा महिन्यांचं. पाळणाघरात टिकेना. आम्हा दोघींना एकमेकींचं काही माहीत नव्हतं. एकाच आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर दोन राजीनामे गेले. त्यांनी आम्हाला एकत्र बोलावलं, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "मला एवढं नुकसान परवडणार नाही. दोघीत मिळून एकच राजीनामा द्या."

पहिल्या सत्रात आम्ही विषय वाटून घेतले. मराठी आणि परिसर अभ्यास माझ्याकडे, गणित आणि इंग्रजी तिच्याकडे. महिनाभरात कळलं की हे कॉलेजात चालतं, तिसरीत नाही. दोघींनाही रोज यावं लागायचं, म्हणजे लोकल तीच, गर्दी तीच, फक्त पगार अर्धा. मग वार वाटले.

वार वाटल्यावर वजाबाकी आली. ५३ वजा २७. ती पुस्तकाप्रमाणे शिकवते. तिनातून सात जात नाहीत, म्हणून एक दशक सुटा करायचा, वरचे पाच खोडून चार लिहायचे. माझ्या हातात मात्र लहानपणची पद्धत बसलेली, वर दहा वाढवायचे आणि खाली हातचा एक मिळवायचा. मी मुद्दाम शिकवली नव्हती. एका सोमवारी फळ्यावर घाईत उदाहरण सोडवताना हात त्या वाटेने गेला, एवढंच. शुक्रवारी एका मुलाच्या वहीत उत्तर सापडलं १६. त्याने वरचे पाच खोडून चार केले होते आणि खालच्या दोनाचे तीनही केले होते. दोन्ही बाईंचा मान राखला बिचाऱ्याने. वहीत समासात पेन्सिलने लिहिलं होतं: "सोमवारची + शुक्रवारची".

त्या दिवसापासून निरोपाची वही सुरू झाली. आधी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून ठेवायचो. पण रात्री साडेनऊला भाकरी थापताना तिचा सात मिनिटांचा आवाजी निरोप ऐकायचा, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही शाळा घरात. आता दोनशे पानी लाँगबुक आहे. ती कपाटातच राहते, घरी न्यायची नाही हा नियम. एक पान नमुन्याला देते:

"पान ४१ वरचं तिसरं राहिलंय. घाई करू नको, दशक सुटा करताना निम्मा वर्ग अडतोय. खिडकीजवळची जोडगोळी वेगळी केलीय, गोड बोलतील, परत एकत्र बसवू नको. पहिल्या रांगेतली पुन्हा डब्याशिवाय. आजी गावी गेलीय असं म्हणते. खालच्या कप्प्यात राजगिऱ्याचे लाडू ठेवलेत, सगळ्यांसमोर देऊ नको. सहलीचे पैसे ३१ जणांचे आले, पाकीट ऑफिसात दिलं. सकाळच्या वर्गाने पुन्हा बाकात कागद कोंबलेत, मी भांडून झालंय."

आता हिशेब. कागदावर माझे आठवड्याचे तेरा तास. सहा आठवडे मी वहीच्या मागच्या पानावर खरा वेळ लिहिला. टाचण, वह्या, वर्णनात्मक नोंदी, पालकांचे फोन धरून बेरीज एकदाही एकवीसच्या खाली आली नाही. वह्या तपासणं अर्धं होतं. मुलं ओळखणं अर्धं होत नाही. पालकसभा, स्नेहसंमेलनाची तालीम, शनिवारचं प्रशिक्षण यांना दोघींनी यायचं, पैसे एकीचे. डिसेंबरचे दोन आठवडे तर आम्ही दोघी पूर्णवेळच होतो, अर्ध्या पगारात.

तरीही मला हे सोडायचं नाहीये. बुधवारी साडेतीनच्या गाडीत खिडकी मिळते. गुरुवारी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी दोन वर्षांत जेवढं वाचलं, तेवढं आधीच्या दहात वाचलं नव्हतं. आणि सोमवारी वर्गात जाताना मला मुलांचा कंटाळा आलेला नसतो. सोळा वर्षांत हे लिहायची कधी हिंमत झाली नव्हती, पण गुरुवारपर्यंत यायचा हो, कंटाळा.

अडचण अशी की आमच्या मुख्याध्यापिकाबाई मे अखेर निवृत्त होतायत. हे सगळं त्यांच्या शब्दावर चाललं होतं, कागद एकही नाही. संस्थेने सांगितलंय, जूनपासून चालू ठेवायचं असेल तर लेखी प्रस्ताव द्या. काय काय लिहून घ्यावं? कुणी असं केलंय का?

---

सातबावन्न | रविवार, रात्री ११:२५

"सोमवारची + शुक्रवारची" वाचून एकटीच हसत बसलेय. वाचनखूण साठवली.

एक शंका. कागदोपत्री वर्गशिक्षिका कोण? प्रगतिपुस्तकावर सही कुणाची?

---

खडूची_धूळ | रविवार, रात्री ११:५०

सही माझी, कारण मी सीनियर. नोंदी दोघींच्या. पहिल्या वर्षी तिचं नाव कुठेच नव्हतं, आणि त्याचं तिला वाईट वाटलं होतं हे तिने मला तब्बल आठ महिन्यांनी सांगितलं. यंदा दोन सह्या केल्या. रकाना एकच आहे, बारीक अक्षरात मावतात.

---

अनुदानित_मास्तर | सोमवार, सकाळी ७:०५

ताई, वाचून हेवा वाटला. पण अनुदानित शाळेत हे स्वप्नातही शक्य नाही, ते का ते लिहितो, म्हणजे कुणी उत्साहाने मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये शिरू नये.

आमच्याकडे पद हे माणसाचं नसतं, पटाचं असतं. पटावर मुलं किती, त्यावरून संच मान्यता, त्यातून पदं. त्या पदावर एका माणसाला वैयक्तिक मान्यता, त्या माणसाचा एक शालार्थ क्रमांक, त्यावर पगार. एका पदावर दोन माणसं बसवायला त्या फॉर्ममध्ये खणच नाही. अर्धवेळ शिक्षक हा प्रकार खाजगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीत आहे, पण तो विषयाचे तास कमी भरतात म्हणून. आईला डायलिसिसला न्यायचंय म्हणून नव्हे. आणि ज्यांनी अर्धवेळ म्हणून उमेदवारी केली त्यांना पूर्णवेळ व्हायला किती वर्षं लागली, हे कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारा.

आमच्यासाठी जे आहे ते म्हणजे बालसंगोपन रजा, २०१८ पासून, संपूर्ण नोकरीत १८० दिवस. ती मूल अठराचं होईपर्यंत. म्हाताऱ्या माणसांसाठी काय? अर्जित रजा मोडा, नाहीतर बिनपगारी.

शिवाय शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरलाय, तयारीचे तास त्यातच. कलम २७ मध्ये जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून इतर अशैक्षणिक काम देऊ नये असंही आहे. पण या तीनमध्येच वर्ष निघून जातं. बीएलओ म्हणून मतदारांची यादी घेऊन मी ज्या चाळीत चार मजले चढतो तिथल्या मुलांना मी ओळखतो, ती माझ्याच वर्गात आहेत आणि त्या वेळी वर्गावर प्रॉक्सी तास चालू असतो. नोकरी वाटून घ्यायच्या आधी हे वाटून घेणारा कुणी मिळाला तर कळवा.

---

जोगेश्वरीचा_जोगी | सोमवार, सकाळी ९:४०

शिक्षकांना मेची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, गणपतीची सुट्टी. आता आठवड्यालाही अर्धी सुट्टी. आम्ही आयटीवाले काय करायचं?

---

सातबावन्न | सोमवार, सकाळी ९:५२

तुम्ही मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून पोळी खाता, ते चालू ठेवायचं. बाकी पगार अर्धा झालाय हे वाचायचं राहिलं वाटतं.

---

यॉर्कशायरकर | सोमवार, दुपारी ३:१५

मी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते, अकरावं वर्ष. मूळची गिरगावातली. इथे वर्ग वाटून घेणं नवलाईचं राहिलेलं नाही, माझ्या शाळेत चार वर्ग असे आहेत. तुमच्या प्रस्तावाला उपयोगी पडेल तेवढंच लिहिते.

पहिली गोष्ट, अंशतः काम म्हणजे किती, हे इथे आकड्यात असतं. पूर्णवेळ शिक्षकाचे वर्षाला १९५ दिवस आणि १२६५ तास, जे मुख्याध्यापक वाटून देऊ शकतात. तुमचा हिस्सा निम्मा तर तुमचे तास निम्मे. सभा, प्रशिक्षण, पालकभेटी सगळं त्यात मोजायचं. ज्या वारी तुम्ही कामावर नसता त्या वारी तुम्हाला बोलावण्याचं बंधन घालता येत नाही. आल्यात तर त्याचे वेगळे पैसे. तुमचा डिसेंबर इथे बेकायदा ठरला असता.

दुसरी, तयारीचा वेळ. शिकवण्याच्या वेळाच्या निदान दहा टक्के वेळ वर्गाबाहेर, नियोजनासाठी, २००५ पासून नियमानेच मिळतो. आम्ही दोघी तो बुधवारी घेतो. खरं हस्तांतरण तेव्हा होतं. मुलं वर्गात असताना दाराशी उभं राहून जे होतं ते नव्हे.

तिसरी गोष्ट जरा कडू. इथे २०२४ च्या एप्रिलपासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असं वेळापत्रक मागायचा हक्क आहे. मागायचा. मिळायचा नाही. शाळेला कारण देऊन नाही म्हणता येतं आणि शाळा म्हणतातही. बहुतेकदा कारण पैशाचं. दोघी नीट चालायच्या तर अर्धा आणि अर्धा पुरत नाही, थोडा वेळ दोघींचा एकत्र यावा लागतो. ०.६ आणि ०.६ केलं की शाळेच्या खिशातून १.२ जातात. ती वरची ०.२ हीच सगळी भांडणं. तुमच्याकडे ती ०.२ तुम्ही दोघी फुकट देताय. एकवीस वजा तेरा.

---

पोल्डरवाली | सोमवार, संध्याकाळी ६:३०

नेदरलँड्समध्ये याला एक शब्दच आहे, 'ड्यूओबान'. माझ्या मुलीला सोमवार-मंगळवारच्या बाई वेगळ्या आणि उरलेल्या वेगळ्या. (इथे प्राथमिकच्या बाईंना 'युफ' म्हणतात.) प्राथमिकला पूर्ण आठवडा एकच बाई असलेला वर्ग आमच्या शाळेत शोधून काढावा लागेल.

पालक म्हणून सांगते. पहिले दोन महिने मला राग यायचा. लेकीने मात्र पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं की कुठल्या युफला रडून दाखवायचं आणि कुठल्या युफला चित्र काढून द्यायचं. तुमच्याकडे "त्या बाई हो म्हणाल्यात" हा प्रकार होतो का?

---

खडूची_धूळ | सोमवार, रात्री १०:१०

होतो का म्हणजे! "त्या बाईंनी पेन वापरायला सांगितलंय" हे मला मंगळवारी कळलं आणि "त्या बाईंनी पेन्सिलच म्हटलंय" हे तिला गुरुवारी. नियम ठरवलाय: जी आधी नाही म्हणाली तिचं नाही कायम, दुसरीला पटलं नाही तरी. नंतर मधल्या सुट्टीत भांडायचं. पेन-पेन्सिलवरून आम्ही खरोखर वीस मिनिटं भांडलोय.

आणखी एक गंमत. ती त्र्याहत्तर म्हणते, मी 'सत्तर तीन' म्हणते. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात तसं आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. मी तेव्हा दुसरीला शिकवत होते आणि मला ते मनापासून पटलं होतं. मुलांना आकडा ऐकून लिहिता यायला लागला. वयाने मोठी मी आणि जुनं ती, असं उलटं आहे आमचं. या बाबतीत नाही-कायम नियम चालत नाही, मुलं दोन्ही बोलतात आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही.

यॉर्कशायरकर, "एकवीस वजा तेरा" थेट लागलं. हे मी वहीत लिहून ठेवलं होतं, पण त्याला नाव नव्हतं.

---

तासिका_तत्त्व | मंगळवार, रात्री १:२०

कौतुक चाललंय म्हणून राहवलं नाही.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर सातव्या वर्षी आहे. सकाळी एका कॉलेजात तीन तास, दुपारी दुसऱ्या उपनगरात दोन. पगार तासावर. मे महिन्यात शून्य. दिवाळीत शून्य. परीक्षा सुरू झाल्या की तास बंद, म्हणजे पुन्हा शून्य. आमच्या विभागात एका पूर्णवेळ पदाचं काम आम्ही तिघं करतो. हीसुद्धा नोकरी वाटून घेणंच आहे की. फक्त आम्हाला कुणी विचारलं नाही.

ताई, तुमचा नवरा मंगळवार घेतो, घरात दुसरा पगार आहे, म्हणून तुम्हाला निम्मा परवडतो. तुमच्यावर राग नाही. पण तुमचा हा यशस्वी प्रयोग संस्थेच्या हातात लेखी जाणार आहे, आणि संस्था त्यातलं 'वर्क-लाइफ बॅलन्स' वाचणार नाहीत. एका पदावर दोन अर्ध्या बाई, दोघींनाही कायम करायची गरज नाही, एक रजेवर गेली की दुसरी फुकट भरून काढते, एवढंच त्यांना दिसेल. पुढच्या वर्षी नवीन डी.एड. झालेल्या मुलींना जाहिरातच येईल, 'अर्धवेळ, जोडीने'. तेव्हा ती त्यांची निवड नसेल.

---

दादरचा_पीटी | मंगळवार, सकाळी ८:००

वरच्या प्रतिसादाला +१.

अवांतर: मी पीटीचा सर. वडील आजारी असताना मी आमच्या हेडसरांना असंच विचारलं होतं. ते म्हणाले, "अरे, बायकोला सांग ना सुट्टी घ्यायला." माझं लग्न झालेलं नाही.

---

खडूची_धूळ | मंगळवार, रात्री १०:५५

तासिका_तत्त्व, दिवसभर तुमच्या प्रतिसादाचाच विचार करतेय. आधी दोनदा चिडून लिहिलं आणि दोन्ही वेळा पुसलं.

दुसरा पगार आहे म्हणून परवडतंय, हे खरंच आहे. माझा पगार ३४ हजारांवरून १७ वर आला तेव्हा आमचं कर्ज दोन वर्षांचंच उरलं होतं. माझ्या जोडीदारणीचं तसं नाही. ती डोंबिवलीच्याही पुढे राहते आणि भाडं भरते. गेल्या वर्षभर ती शनिवारी केकच्या ऑर्डरी घेतेय. अर्ध्या नोकरीने तिला बाळासाठी वेळ दिला आणि त्यातला थोडा ओव्हनने घेतला. हे मी मूळ धाग्यात लिहिलं नव्हतं, कारण मग गोष्ट तेवढी छान दिसली नसती.

तुमची जाहिरातीची भीती प्रस्तावात कशी अडवायची, कुणी सांगेल का?

---

निवृत्त_हेडक्लार्क | बुधवार, सकाळी ६:१५

मी सांगतो. ३१ वर्षं शाळेच्या कार्यालयात काढली आहेत, शिक्षकांची सेवापुस्तकं माझ्या हातून गेली.

भगिनी, तुम्ही सगळे तासांचं बोलताय, ग्रॅच्युइटीचं कुणीच बोललं नाही. शिक्षकांना ती लागू आहे. २००९ ची दुरुस्ती, आणि तीही ३ एप्रिल १९९७ पासून मागे नेलेली. पण तिचं गणित शेवटच्या पगारावर असतं. ढोबळमानाने शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं.

समजा मूळ अधिक महागाई मिळून ३० हजार आणि सेवा २० वर्षं. रक्कम होते सुमारे ३ लाख ४६ हजार. आता हीच बाई शेवटच्या दोन वर्षांत निम्म्या पगारावर आली आणि तिथूनच बाहेर पडली, तर १५ हजारांवर हिशेब. १ लाख ७३ हजार. अर्धवेळ केलं दोन वर्षं आणि कापली गेली वीस वर्षांची. तुमची आजमितीला हीच अवस्था आहे. उद्या पायाला लागलं आणि राजीनामा द्यावा लागला तर आधीची सोळा पूर्णवेळ वर्षंही अर्ध्या दराने मोजली जातील.

यावर तोड आहे. कायद्यापेक्षा चांगल्या अटी करारात घालायला मनाई नाही. तेव्हा लिहून घ्या की पूर्णवेळ काळाची ग्रॅच्युइटी पूर्णवेळ पगाराच्या दराने धरली जाईल. नेमकी तारीख घाला.

दुसरं, 'अर्धवेळ' हा शब्द कागदावर कुठेही येऊ देऊ नका. 'पूर्णवेळ कायम कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून, अमुक तारखेपर्यंत कमी केलेले कामाचे तास' असं लिहा. मुदत संपली की मूळ जागी परत, वेगळा अर्ज न करता. पंतोजींनी जाहिरातीची जी भीती सांगितली तिलाही हाच उतारा आहे. कायम माणसाने मागितलं तरच, नवीन भरतीत नाही, हे वाक्य घाला.

तिसरं. पावती घ्या. आवक क्रमांक टाकून. तोंडी शब्दावर दोन वर्षं काढलीत याबद्दल मी तुम्हाला माझ्या कार्यालयात चांगलंच सुनावलं असतं.

---

तासिका_तत्त्व | बुधवार, सकाळी ७:३०

काका, ते 'नवीन भरतीत नाही' वाक्य मिळालं तर माझा विरोध मागे. (आणि मी पंतोजी नाही, बाई आहे. चालतं.)

---

अनुदानित_मास्तर | बुधवार, सकाळी ७:४४

हेडक्लार्क काकांचा प्रतिसाद छापून स्टाफरूममध्ये लावावा असा. काका, तुम्ही वेगळा धागा काढा, रजा रोखीकरणावर.

---

खडूची_धूळ | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:३०

खबर द्यायला आले.

प्रस्ताव दिला, आवक क्रमांकासकट. बैठक झाली. चौघे सदस्य, एक ताट वेफर्स आणि एक पंखा जो फक्त त्यांच्यावर फिरत होता. ग्रॅच्युइटीचं वाक्य मान्य झालं, माझ्यापेक्षा त्यांच्या हिशेबनीसालाच ते आधी पटलं. 'नवीन भरतीत नाही' यावर अर्धा तास गेला. शेवटी 'सेवेत किमान पाच वर्षं झालेल्या कर्मचाऱ्याच्या विनंतीवरूनच' असं झालं. जाहिरात अडेल की नाही हे मला सांगता येत नाही, पण कागदावर आहे. बुधवार दोघींना पूर्ण दिवस धरायचा, म्हणजे ती ०.२, मी मागितली होती. मिळाली नाही. शनिवारच्या सभांना आलटून पालटून एकीनेच यायचं, हे मिळालं. स्नेहसंमेलनाचं नावही कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही, ते चुकलंच.

खरी बातमी वेगळीच आहे. जोडीदारीण जाणार आहे. भाडं परवडेना म्हणून ते पनवेलच्या पुढे राहायला जातायत, तिथे तिला घराजवळच्या शाळेत पूर्णवेळ मिळालं. बाळ आता पावणेतीन वर्षांचं आहे, त्याच शाळेच्या शिशुवर्गात जाईल. तिने मला हे निरोपाच्या वहीत लिहून कळवलं. शेवटच्या पानावर, सहलीच्या उरलेल्या पैशांच्या हिशेबाखाली. समोर सांगता आलं नसतं म्हणे.

तर आता करार हातात आहे आणि जोडी नाही. शाळेतच पाच वर्षं झालेल्या आणि अर्ध्या पगारावर यायला तयार असलेल्या एकच बाई आहेत, आणि त्या वजाबाकीत हातच्यावाल्या आहेत. माझ्याहून कट्टर. त्या नाही म्हणाल्या तर रजा-बदली म्हणून बाहेरून एकीला वर्षभरापुरती घेऊ असं संस्था म्हणते. म्हणजे आपण जे वाक्य घालून घेतलं त्यालाच पहिला अपवाद माझ्यासाठी. तासिका_तत्त्व, बोला काय बोलायचं ते.

---

तासिका_तत्त्व | शनिवार, रात्री ९:५०

बोलत नाही. वर्षभरापुरती घेतलीत तर तिला मेचा पगार द्यायला लावा, एवढं करा.

---

सातबावन्न | शनिवार, रात्री ११:०५

मी इतके दिवस नुसती वाचत होते. डी.एड., टीईटी झालेली आहे, ठाण्यात राहते. आईसाठी दोन वर्षांपूर्वी पूर्णवेळ नोकरी सोडली. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. वजाबाकी पुस्तकाप्रमाणे करते. त्र्याहत्तरच म्हणते, ते मात्र बदलणार नाही.

---

खडूची_धूळ | शनिवार, रात्री ११:२०

व्यनि पाहिला. मेच्या पगाराचं मी सोमवारी लेखी देते, ते होईपर्यंत हो म्हणू नकोस. आमच्या हातच्यावाल्या बाईंनाही आधी विचारावं लागेल, हक्क त्यांचा पहिला आहे.

पण शाळा तर बघून जा. बुधवारी ये, अकराच्या सुमारास. सध्या सुट्टी आहे, मी कपाट आवरायला जाणार आहे. दादरकडे तोंड करून उतरलीस तर मागच्या पुलाने बाहेर पड, पुढच्या पुलाचं काम चालू आहे. फाटकावर काका विचारतील कुणाकडे, तर तिसरी 'ब' सांग. वही काढून ठेवते.